जोत्याच्या कोपऱ्यातल्या मुंग्या

देहूरोड,
१० फेब्रुवारी २०२५

स्वराज,

फोनवर तू "हां ताई, हां ताई" करत राहतोस आणि मागे कुणाची तरी गाणी वाजत असतात. म्हणून कागदावर लिहितेय. सगळं वाच आणि उत्तरही कागदावरच पाठव. म्हणजे नंतर "मी असं कधी म्हणालो?" हे नाटक नको.

मधले दोन रविवार जमलं नव्हतं, काल वाडीला आईकडे गेले होते. दार उघडलं तर घरभर मुंग्या. ओट्यावर, तांदळाच्या डब्यात, देवाच्या ताम्हनात, आईच्या गादीच्या शिवणीत. लाल, बारीक, कडकडून चावणाऱ्या. मोरीच्या भिंतीतून ओळ निघते ती थेट साखरेच्या बरणीपर्यंत. स्वयंपाकघरात फरशीच्या सांध्यांतून माती वर आलीय, चहाच्या चोथ्यासारखे ढीग. म्हणजे त्या घरात येत नाहीत, घराखाली राहतात. तीन वर्षं झाली नाहीत घर बांधून. त्या जोत्यावर तुझे दाजी रजा टाकून उन्हात उभे राहिले होते. तू तेव्हा गोकर्णला होतास की आणखी कुठे, आता आठवत नाही.

हे कुणाचं काम, ते सांगायला नको. जानेवारीत दोन दिवस उगवलास. "तुंगार्लीच्या बंगल्यात असंच करतात" म्हणून आईच्या जास्वंदीभोवती, घराभोवती भाताचा पेंढा अंथरलास. मल्चिंग! आईनं वाडीभर सांगितलं, पोरानं बाग केली. तिसऱ्या दिवशी ती तिच्या भज्यांच्या टपरीवर गेली आणि तू न सांगता पसार. पेंढा तेवढा राहिला. त्याखाली ओल, ओलीत मुंग्या, आणि आता मुंग्या माझ्या आईच्या अंथरुणात.

तिच्या डाव्या पायाची बोटं चावून चावून सुजलीत. तिला शुगर आहे हे लक्षात आहे ना? पायाला जखम होऊ द्यायची नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. विचारलं तर म्हणते, "काय न्हाई गं, मुंगीच ती." घरात चपला घालून वावरते ती, मी स्वतः घेऊन दिलेल्या. तरी पायालाच कशा चावतात, हे मला कळत नाही.

तू जा आणि तो सगळा पेंढा काढ. तुझ्या हातानं काढ.

प्रेरणा


तुंगार्ली, लोणावळा,
१५ फेब्रुवारी २०२५

ताई,

नमस्कार वगैरे धरून चाल. मला आधी राग लिहू दे.

पेंढा मी टाकला, व्हय. पण मी तो कसा टाकला हे बघितलंस का? मी ज्याची बाग राखतो त्या या बंगल्याच्या मालकीण रजनीबाई, तळेगावच्या, शाळेत शास्त्र शिकवायच्या. शनिवार-रविवार येतात आणि बागेत मला शाळेतल्यासारखंच उभं करतात. त्यांनी शिकवलंय : पेंढा दोन बोटं जाड, त्यापुढं नाही. भिंतीपासून वीतभर लांब. त्या वीतभर पट्ट्यात नुसती खडी. मुंगीला ओल आणि आडोसा पाहिजे, उघडी कोरडी खडी तिला आवडत नाही. झाडाची फांदी भिंतीला टेकली की तिला पूल मिळाला. जास्वंदीवर मावा पडला की त्याच्या गोड चिकासाठी ती आलीच, म्हणजे मावा पण धुऊन काढायचा. हे सगळं मी वाडीत केलं. वीत मोजून जागा सोडली, माझ्या स्वतःच्या हाताची वीत. खडी ओढ्यातून आणली, पाठ मोडली.

मग पेंढा भिंतीला कसा लागला? मला नको विचारू. दाजींना विचार. आणि मोरीचा पाइप कुणी बसवला? दाजींनीच. "प्लंबर कशाला, मी आहे ना." तो पाइप पहिल्या दिवसापासून गळतो. मुंग्यांना पाणी दाजींचं आणि नाव माझं. आणि सरपणाची रास आई भिंतीलाच लावते, ते पण मीच केलं असेल.

इथं पण मुंग्यांचंच चाललंय म्हणा. परवा बंगला भाड्यानं घेतलेल्या पोरांनी केक कापला, निम्मा हिरवळीवर. त्यातला एक म्हणे गेल्या वर्षी स्पितीला सायकलवर गेलता. दिवसभर त्याच्या मागं मागं फिरलो. तिथं गोठलेल्या नदीवरून बकऱ्या नेतात, आणि एका गावात म्हणे पोस्ट... जाऊ दे, तुला काय त्याचं.

"न सांगता पसार" हे वाक्य पुन्हा लिहू नको. सांगितलं असतं तर आई रडली असती, मग मी राहिलो असतो, मग तिसऱ्या दिवशी भांडलो असतो. तसं बरं का हे बरं?

पाय लय सुजलाय का?

स्वराज


देहूरोड,
२४ फेब्रुवारी २०२५

स्वराज,

शेवटची ओळ पहिली लिहायची असते.

हो, सुजलाय. करंगळीशेजारच्या बोटाला फोड आला होता, तो फुटला. आता उघडी जखम आहे. कामशेतला ड्रेसिंगला नेतेय मी, एक दिवसाआड, कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून.

तू गेला नाहीसच. दाजी गेले. तुझी वीतभर जागा तुझ्या डोक्यात असेल, जमिनीवर नाही. पेंढा जोत्याला चिकटलेला होता आणि मागे मोरीच्या कोपऱ्यावर तर चांगली रास घातलेली. दाजींनी घराभोवती पावडर टाकली. परवा बघितलं तर कोपऱ्यावरची पावडर धुऊन गेलेली. आई म्हणते, "वाऱ्यानं गेली आसंल." वाऱ्यानं एकाच कोपऱ्याची जाते होय?

मी तिला इकडे चल म्हटलं, दोन खोल्या आहेत पण मुंग्या नाहीत. तर नाही. सोमवारी येते म्हणते, मंगळवारी येते म्हणते, शनिवार म्हटलं की डोकं हलवते. "शनवारी मी हितंच पायजे." गिऱ्हाईक असतं म्हणे. टपरी बंद आहे तिची दोन आठवडे! भजी कोण तळतंय, त्या मुंग्या?

दाजींना एक शब्द बोलायचा नाहीस तू. पाइप गळत असेल, पण तो बसवायला ते तिथं होते.

प्रेरणा


तुंगार्ली,
५ मार्च २०२५

ताई,

काल गेलतो. दिवसभर होतो. हे वाचून तुझी मान शरमेनं झुकेल, तेवढ्यासाठी लिहितोय.

पेंढा सगळा ओढून काढला आणि लांब वावरात टाकला. माझी खडी खाली जशीच्या तशी होती! म्हणजे मी वीत सोडली होती, आणि नंतर कुणीतरी पेंढा आत ढकलला. तुम्ही दोघं माझी माफी मागा. पाइपाला नवा सांधा बसवला. सरपण गोठ्याकडं हलवलं. भिंतीला टेकणारी जास्वंद छाटली, त्यावर आईनं मला दोन शिव्या दिल्या. भेगांत सिमेंट भरलं.

फक्त मोरीचा कोपरा राहिला. तिथं कुदळ घेऊन गेलो तर आई आडवी आली. "तितलं ऱ्हाऊ दे." का? "ऱ्हाऊ दे म्हटलं नव्हं." मी म्हटलं, वारूळ तर इथंच आहे, सगळ्या ओळी इथनंच निघतात. तर म्हणते, "तितं म्या दुधीचं बी टाकलंय." आता दुधीच्या वेलासाठी पाय घालवायचा का? पण तिचा आवाज असा चढला की मी कुदळ टाकली. एवढी चिडलेली आई मी बघितली नव्हती. एरवी ती माझ्यावर चिडतच नाही, तुला माहितेय. जेवायला वाढत राहते आणि बघत राहते. त्या बघण्याचाच मला राग येतो.

पाय तिनं दाखवला नाही. पदर टाकून बसली. मी जबरदस्ती केली नाही. पण पुवाचा वास आला मला.

आणखी एक. एप्रिलमध्ये मी हिमाचलला चाललोय. कॅम्पवर काम आहे, तंबू लावायचे, चार महिने. तो सायकलवाला आहे ना, त्याच्या ओळखीनं. आईला अजून सांगितलं नाही. तू पण सांगू नको.

स्वराज


देहूरोड,
२१ मार्च २०२५

स्वराज,

मान झुकलेली नाही.

दोन आठवड्यांत पेंढा परत कोपऱ्यावर आला. मुंग्याही आल्या. मी वैतागून तळेगावहून औषध मारणारा माणूस आणला. तो म्हणाला, मूळ त्या कोपऱ्यात आहे, तिथं जोत्याला भोकं पाडून औषध सोडतो. त्यानं मशीन लावलं आणि आई आतून पाट घेऊन आली आणि कोपऱ्यावर पाट टाकून बसली. बँडेज बांधलेला पाय पुढे करून. मी म्हटलं, "आई, ऊठ." तर म्हणते, "हितं औषध घालायचं आसंल तर आदी माज्या तोंडात घाल." सगळी वाडी गोळा झाली. किल्ल्यावर चाललेली ट्रेकिंगची पोरं मोबाइल काढून उभी. तो माणूस मशीन गुंडाळून निघून गेला. मी तिथं उभी राहून रडले, आणि मला रडताना बघून ती म्हणाली, "तुला न्हाई कळायचं."

हे तू तिच्या डोक्यात घातलंयस. खोटं बोलू नकोस. मुंग्या पण जीव, झाडं पण जीव, हे सगळं तुझं बोलणं. मागच्या दिवाळीत दाजींनी उंदराचं औषध ठेवलं तेव्हा केवढं भाषण दिलंस. उंदीर जीव, मुंगी जीव, फक्त आईचा जीव तेवढा राहिला.

बोट काळं पडलंय. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस बघू. "बघू" म्हणजे काय ते तू समज.

आणि तू हिमाचलला चाललायस. जा. लाव तंबू. मी सांगणार नाही तिला. दर वेळेला ती मला विचारते, "कुटं गेला? सांगून गेला का?" आणि मी काहीतरी ठोकून देते. या वेळेला तेही करणार नाही.

प्रेरणा


लोहगडवाडी,
३० मार्च २०२५

ताई,

आज पाडवा. वाडीत गुढ्या उभ्या आहेत, आपल्या दारात नाही. मी पडवीत बसून लिहितोय आणि आई आत भांडी आपटतेय.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं होतं. मी कुणाच्या डोक्यात काही घातलेलं नाही. म्हटलं, पेंढा कोण ढकलतं ते एकदा डोळ्यानं बघू. मला दाजींचाच संशय होता, लिहून देतो. तू शनिवारचं लिहिलं होतंस म्हणून काल, शनिवारीच आलो. गाडी शेजारच्या सरुबाईच्या घरापाशी लावली आणि मागून, वावरातून चालत आलो.

आई मोरीच्या कोपऱ्यावर होती. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, देवळाबाहेर काढतो तशा. पायाचं बँडेज सोडून ठेवलेलं, ताई. हातात वाटी. वाटीत कणीक आणि साखर. पेंढा बाजूला सारला, चिमटीचिमटीनं घातलं, आणि परत पेंढा वर ओढला, कोंबड्यांनी खाऊ नये म्हणून. मग तशीच अनवाणी उभी राहिली. मुंग्या पायावर चढतायत, ही हलत नाही. आणि त्यांच्याशी बोलतेय. "खावा गं बायांनो, पोटभर खावा. आन त्येला येका जागी बसवा. लय फिरला. आता त्येचं पाय थांबवा."

मी समोर जाऊन उभा राहिलो. तिच्या हातातली वाटी पडली.

"आई, काय चाललंय हे?"

"काय न्हाई. मुंग्यास्नी घालतीया."

"पायाचं बोट काळं झालंय आणि तू त्यांना जेवायला घालतेस?"

"तुज्यासाटी घालतीया!"

अशी ओरडली की सरुबाई तिच्या अंगणातून पळत आली. ती आली तेच बरं, कारण मूळ तिच्यातच आहे. तिनं सांगितलं होतं आईला, दिवाळीनंतर : ज्याचा पाय घरात ठरत न्हाई त्याच्या नाळंवर दर शनिवारी मुंग्यास्नी पीठ-साखर घाल, अनवाणी उभं राहून घाल. माझी नाळ तिथं आहे. जुन्या घराच्या न्हाणीमागं सुईणीनं पुरली होती. नवं घर बांधलं तेव्हा जोत्याचा कोपरा बरोबर तिथं आला. आईला माहीत होतं, ती काही बोलली नाही. आधी मुंग्या यायच्या, खायच्या, जायच्या. मग मी शहाण्यानं पेंढा अंथरला. त्यांना सावली मिळाली, पाइपाचं पाणी मिळालं, वर दर शनिवारी जेवण. कशाला जातील?

मी सरुबाईला नको ते बोललो. म्हातारी रडत गेली. मग आईवर ओरडलो. मी काय साडेसाती आहे का? माणूस फिरतो म्हणजे त्याला रोग झालाय का? मला आवडतं म्हणून फिरतो! मला नवं गाव बघितलं की भूक लागते, दुसरं काही नाही. तिनं मला सरळ म्हणायचं होतं, राहा. एकदा तरी. म्हटलंच नाही कधी. मुंग्यांना म्हणाली.

ती म्हणाली, "तुला ऱ्हा म्हटलं आसतं तर आजून परत आला नसतास."

मग जी भांडी आपटायला लागली ती अजून चालू आहे. आता तू सांग, काय करायचं?

स्वराज


देहूरोड,
३ एप्रिल २०२५

स्वराज,

काय करायचं ते मला विचारतोस.

तुझं पत्र मी कंपनीत, डबा खायच्या वेळी वाचलं. शालन शेजारी बसली होती, म्हणाली, कुणी गेलं का गं? म्हटलं, नाही, सगळे जागच्या जागी आहेत.

एक विचारू? माझी नाळ कुठं पुरलीय? तुला माहीत नाही. मलाही नाही. कुणी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बहुतेक आता तिथं पाण्याची टाकी आहे. तिच्या पायाला तेल मी लावते, ड्रेसिंगला मी नेते, शुगरच्या गोळ्या मी आणते, तिची बोलणी मी खाते. आणि अनवाणी ती उभी राहते तुझ्यासाठी. जो आला की तिसऱ्या दिवशी जातो त्याच्यासाठी बोट गेलं तरी चालतं. जी दर रविवारी येते तिच्यासाठी चहाला साखर नसते, कारण साखर मुंग्यांची.

हे लिहून ठेवलं. फाडणार नाही.

आता कामाचं. पंधरा दिवस बघू म्हणाले होते, बघून झालं. बोट काढावं लागणार. सोमवारी तळेगावला दाखल करतेय. आठ-दहा दिवस तरी ती घरी नसेल. तेवढ्यात तो कोपरा तू बघ. औषध घाल, खण, जाळ, मला सांगू नकोस. ती परत येईल तेव्हा त्या घरात एक मुंगी दिसली तर मी तिला वाडीत पाऊल टाकू देणार नाही. टपरी विकेन, घराला कुलूप लावेन आणि इथं खाटेवर बसवून ठेवेन, ती रडली तरी. आणि मग तिचं घर गेलं ते तुझ्यामुळे, हेही लिहून ठेव.

प्रेरणा


लोहगडवाडी,
१० एप्रिल २०२५

ताई,

ऑपरेशन नीट झालं हे दाजींनी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "येऊ नको आत्ता, तुला बघून उठून बसंल ती." बरं म्हटलं. माणूस बरा आहे तुझा. पाइपाचं मागं घेतो.

कोपरा झाला.

औषध नाही घातलं. दया म्हणून नाही, चीड एवढी आली होती की चुना कालवून ओतला असता. पण रजनीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, वरून औषध मारशील तर वरच्या मरतील, खाली राणी बसलेली असते, ती परत घालते अंडी. घर त्यांना नको वाटलं पाहिजे आणि दुसरीकडं बरं वाटलं पाहिजे. मी म्हटलं, बाई, हे तर माझ्या आईला सांगा. त्या हसल्या नाहीत.

मग खणलं. जोत्याच्या दगडाला लागून, गुडघाभर. भुसभुशीत झालेली सगळी माती, आत भुयारं, आणि पांढरी अंडी तांदळाच्या कणीसारखी. एकेक मुंगी एकेक अंडं तोंडात धरून पळत होती. मला कोपरापर्यंत चावल्या. हात भाकरीसारखा फुगला, तरी खणत होतो, तोंडानं शिव्या. नाळ-बिळ काही दिसली नाही. मातीच झाली असणार तिची. म्हणजे कुठली माती माझी आणि कुठली नुसती, हे कळायला मार्गच नव्हता. म्हणून सगळीच उचलली. घमेल्यानं भरून, मुंग्या, अंडी, पीठ, साखर, सगळं, वावराच्या खालच्या बांधाला नेऊन टाकलं, जांभळीच्या बुडाशी. वर पेंढा झाकला. तिथं राहा म्हटलं. तिथं कुणाचा पाय नाही.

खड्ड्यात मुरूम ठोकला, जोत्याच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, वर खडी. घरात राहिलेल्यांसाठी साखरेत बोरिक पावडर कालवून ओळींवर ठेवली, कोंबड्या कोंडून. परवापासून ओट्यावर काही नाही. आज फरशी धुतली, माती वर आली नाही.

तुझं ते टाकीचं वाचलं. दोनदा वाचलं.

सरुबाईकडं गेलतो. दार उघडलं नाही तिनं. परत जाईन.

वीस तारखेला कॅम्पची गाडी निघतेय पुण्यातून.

स्वराज


देहूरोड,
२२ एप्रिल २०२५

स्वराज,

तू गेलास की आहेस, मला माहीत नाही. तुंगार्लीच्या पत्त्यावर टाकतेय. नसशील तर बाई परत पाठवतील.

आईला काल घरी आणलं. मुंग्या नाहीत. घराभोवती स्वतः फिरून बघितलं मी, खाली वाकून. एक ओळ नाही. काम चोख केलंस, हे लिहायला मला त्रास होतोय.

ती काठी घेऊन पहिली गेली ती मागे. आता चपला सुटत नाहीत, पट्टा बांधलाय मी. कोपऱ्यावर खडी बघितली. मला म्हणाली, "कुटं नेली?" मी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण बोलले नाही. म्हटलं, खालच्या बांधाला, जांभळीखाली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. तसंच केलं. "नाळ काय शेणखत हाय का घमेल्यानं न्ह्यायला? आदीच ठरत नव्हता, आता तर मुळासकट उपटून नेला सोताला!" औषधाची बाटली फेकली. दाजी आत जाऊन बसले.

मग बांधाकडं बघत राहिली. तिला तिथवर चालवणार नाही, हे तिलाही कळलं. उतार आहे, ढेकळं आहेत. मी म्हटलं, आई, मी घालीन. दर रविवारी येतेच, शनिवारी येत जाईन. त्याच्यासाठी मी घालीन पीठ, झालं? तर म्हणते, "तुज्या हातानं न्हाई. ज्येची नाळ त्येनं घालावं."

तेव्हा मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझी कुठाय?

ती म्हणाली, "तुजी व्हय? तुळशीखाली. म्या सोता पुरली, सुईणीला हात लावू दिला न्हाई." आणि मग म्हणाली, "तितं कंदी काय घालावं लागलं न्हाई."

हे ऐकून मला बरं वाटलं की राग आला, ते अजून ठरत नाहीये. तुळशीला पाणी मात्र जरा जास्तच घातलं मी. दाजी म्हणाले, अगं, मुळं कुजतील.

तिचा निरोप आहे, शब्द तिचेच : "त्येला लिव, बांद माज्यानं व्हत न्हाई. त्येचं त्यानं बगावं."

प्रेरणा


तुंगार्ली,
१८ मे २०२५

ताई,

कॅम्पची गाडी गेली. मी पुण्यापर्यंत गेलतो, पिशवी घेऊन, खोटं कशाला बोलू. गाडी निघायला वेळ होता म्हणून आईला फोन केला आणि म्हटलं, आई, मी चाललोय, हिमाचलला, चार महिने. पहिल्यांदाच सांगून चाललो होतो. वाटलं रडेल. रडली नाही. जे बोलायला लागली ते माझ्या दहावीपासून. गोवा, गोकर्ण, कॉलेज सोडलं ते, तुझ्या लग्नात पंगतीतून उठून गेलो ते, सगळं. ती बोलत होती आणि गाडी भरत होती. शेवटी ड्रायव्हरनं विचारलं, येतोस का? मी म्हटलं, थांबा, आईचं संपलेलं नाही. ते थांबले नाहीत.

मी थांबलोय असं समजू नको. पुढच्या वर्षी जाणार आहे. सध्या रजनीबाईंना पावसाआधी बागेची खडी बदलायचीय, म्हणून आहे.

शनिवारी वाडीला जातो. तुझ्या निरोपासाठी नाही, मला राग आला म्हणून. म्हटलं, घालतो पीठ, बघू काय होतंय ते. आता माझीच नाळ, माझीच कणीक, आणि मीच त्या मुंग्यांना सांगायचं की या स्वराजला जरा थांबवा. हसू नको. काल आई पडवीत खुर्ची टाकून बसली होती, पाय स्टुलावर, आणि वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत होती. "तितं न्हाई, जांभळीच्या बुडाला!" घातलं. "चपला काढ!" मी ओरडलो, नाही काढणार. "काढ म्हटलं नव्हं!" सगळी वाडी ऐकत होती. सरुबाई पण अंगणात येऊन उभी राहिली. शेवटी काढल्या. एक अशी चावली की मी बांधावरनं उडी मारली, आणि आई हसली, ताई. मोठ्यानं. मला एवढी चीड आली.

परत आलो तर भाकरी वाढली. पाय बरा आहे, मी पट्टी सोडून बघितला, या वेळेला पदर टाकू दिला नाही. ओट्यावर मुंगी नाही, मोरीत नाही, तू काळजी करू नको.

जेवताना विचारते, "गुण येतोय का काय?"

मी म्हटलं, नाही. अजिबात नाही.

म्हणाली, "मंग फुडच्या शनवारी बी घालाय लागंल."

स्वराज